‘वॉचमेन’ वाचताना: फ्लॅशबॅकचा गुंता सोडवायची वही

खून झालाय, पोलीस घरात आलेत, मुखवटेवाला गुप्तहेर तपासाला लागलाय, आणि तरी गोष्ट पुढे सरकत नाही, सारखी मागे जाते. ‘वॉचमेन’ ही इंग्रजी चित्रकादंबरी तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात मिटून ठेवणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं. मराठीतून वेताळ आणि मँड्रेक वाचून मोठ्या झालेल्या वाचकाला सुपरहिरोची गोष्ट सरळ धावण्याची सवय असते. इथे दुसऱ्या प्रकरणात पाच वेळा मागे जावं लागतं, आणि चौथ्या प्रकरणात तर एकाच पानावर तीन-तीन साल भेटतात.

ॲलन मूर (लेखन), डेव्ह गिबन्स (चित्रं) आणि जॉन हिगिन्स (रंग) या तिघांचं हे काम डीसी कॉमिक्सने १९८६-८७ मध्ये बारा अंकांत छापलं. आता ते एकत्र पुस्तकरूपात मिळतं, आणि त्यातलं प्रत्येक प्रकरण म्हणजे मूळचा एक अंक. फ्लॅशबॅक एवढे का, याचं एक साधं कारण आहे. मूरकडे मुळात सहा अंकांपुरतंच कथानक होतं आणि अंक मात्र बारा मिळाले. म्हणून त्याने तपासाचं एक प्रकरण आणि एका माणसाच्या भूतकाळाचं एक प्रकरण अशी वीण घातली. दुसरं, चौथं, सहावं, सातवं, नववं आणि अकरावं ही भूतकाळाची, म्हणजे माणसांची प्रकरणं. उरलेली तपासाची. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका. गोष्ट कुठे पळणार आणि कुठे रेंगाळणार हे आधी माहीत असलं की रेंगाळण्याचा त्रास होत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच धरून ठेवायची. या पुस्तकातला मागचा प्रत्येक प्रसंग ही कुणाची तरी जबानी आहे. लेखक वरून ‘तेव्हा असं घडलं’ असं क्वचितच सांगतो. कुणीतरी आठवतंय, कुणीतरी सांगतंय, कुणीतरी लिहून ठेवलंय. म्हणून कधी घडलं याच्या आधी विचारायचं ते हे की आठवतंय कोण. पुढची सगळी पद्धत याच प्रश्नावर उभी आहे.

हाताशी काय हवं

छापील प्रत मिळाली तर उत्तम. टॅबलेटवर वाचणार असाल तर पडदा निदान १० इंचांचा हवा, आणि एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय आधी बंद करा. या पुस्तकाचं पान तीन बाय तीन अशा नऊ घरांच्या जाळीवर बांधलंय. काल आणि आज यांची अदलाबदल शेजारशेजारच्या घरांत होते. चौकट सुटी बघितली की ती अदलाबदल दिसतच नाही आणि वाचक हमखास हरवतो. फोनवर वाचू नका. प्रकरणांच्या शेवटी बारीक अक्षरातला मजकूर आहे, तो फोनवर वगळला जातो आणि मग पुढे धागा तुटतो.

शंभर पानी वही, लाल-निळी पेन्सिल, चिकटचिठ्ठ्या, ३० सेंटिमीटरची पट्टी आणि ए-फोर आकाराचे दोन कोरे कागद. एका बैठकीला एकच प्रकरण, शेवटच्या मजकुरासकट साधारण तास-दीड तास. बारा बैठका म्हणजे रोज एक वाचली तर दोन आठवड्यांच्या आत पुस्तक पुरं होतं.

मुखपृष्ठावर हसऱ्या चेहऱ्याचा बिल्ला दिसतो म्हणून हे मुलांच्या हातात देऊ नका. यात बलात्काराचा प्रयत्न आहे, लहान मुलीचा खून आहे, युद्धातली क्रूरता आहे. हे प्रौढांचं पुस्तक आहे.

पहिली पायरी: नावांचं पान

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण एका नावाखाली दोन माणसं आहेत. नाइट आउल दोन आहेत. पहिला हॉलिस मेसन, १९३९ ते १९६२, आता म्हातारा. दुसरा डॅन ड्रायबर्ग. सिल्क स्पेक्टरही दोघी आहेत, आई सॅली ज्युपिटर आणि मुलगी लॉरी. फ्लॅशबॅकमध्ये घुबडाचा मुखवटा दिसला आणि तुम्ही चुकीचा माणूस धरलात की पुढची पाच पानं चुकीची वाचली जातात.

वहीत तीन रकाने आखा: मुखवट्याचं नाव, खरं नाव, गट. गट दोनच. १९३९ मध्ये जमलेले आणि १९४९ मध्ये फुटलेले ‘मिनिटमेन’, आणि १९६६ मध्ये जमवायचा प्रयत्न झालेले ‘क्राइमबस्टर्स’. कॉमेडियन म्हणजे एडवर्ड ब्लेक, ज्याचा खून झालाय तो. दोन्ही ठिकाणी दिसणारा माणूस तोच, म्हणून त्याच्या नावाखाली जाड रेघ मारा. डॉक्टर मॅनहॅटन म्हणजे जॉन ओस्टरमन, ओझिमँडियस म्हणजे एड्रियन वाइट. रोर्शाक म्हणजे तपासाला लागलेला तो मुखवटेवाला, त्याच्या ओळीत खऱ्या नावाचा रकाना कोरा ठेवा. सहाव्या प्रकरणात तो भरता येईल. आधी कुठे शोधू नका, तो भरण्यात मोठी मजा आहे.

दुसरी पायरी: इथला इतिहास वेगळा आहे

एक पान वेगळ्या इतिहासासाठी. या जगात १९७१ मध्ये अमेरिका व्हिएतनाम युद्ध जिंकली. १९८५ मध्येही निक्सनच राष्ट्राध्यक्ष आहेत. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसतात त्या १९८५ मध्ये. १९७७ मध्ये कीन कायदा आला आणि सरकारी नोकरीत नसलेल्या मुखवटेवाल्यांवर बंदी आली. रस्त्यावर विजेच्या गाड्या आहेत, आकाशात हवाई जहाजं आहेत. खरे मुखवटेवाले रस्त्यावर फिरतात म्हणून पोरं सुपरहिरोंऐवजी चाच्यांची कॉमिक्स वाचतात.

हे पान नसलं तर काय होतं? निक्सनचं पोस्टर दिसलं की वाचक त्या चौकटीला फ्लॅशबॅक समजतो, कारण आपल्या जगात निक्सन १९७४ मध्ये पायउतार झाले होते. ती चौकट आजची असते. अशी चूक तीन-चार वेळा झाली की माणूस पुस्तकालाच दोष देतो.

तिसरी पायरी: पहिली चार पानं अर्धा तास

घाई न करता पहिली चार पानं वाचा. पुढच्या सगळ्या पुस्तकाची वाचायची रीत ती शिकवतात.

पहिल्या पानावर गटारातल्या रक्तात पडलेला बिल्ला दिसतो आणि नजर सरळ वर जाते, उंच इमारतीच्या फुटलेल्या खिडकीपर्यंत. वर मजकूर आहे तो रोर्शाकच्या डायरीचा, पिवळट फाटक्या कागदावर. तारीख १२ ऑक्टोबर १९८५. रोर्शाकची इंग्रजी तुटक आहे, कर्ता बहुतेकदा गायब असतो. कर्ता नसला तर ‘मी’ धरा. आपलं इंग्रजी कमी पडतंय असं वाटून घेऊ नका, तो तसाच लिहितो.

त्यानंतर दोन पोलीस ब्लेकच्या घरात येतात आणि मधेमधे लालभडक चौकटी सुरू होतात. त्या आदल्या रात्रीच्या. चित्र खुनाचं आणि शब्द मात्र आजचे, तपासाचे. इथेच बहुतेक जण अडखळतात, कारण चित्र आणि शब्द एकाच वेळचे असतात असं आपण धरून चालतो. वहीत नऊ घरांचा छोटा चौकोन काढा. चित्र आजचं असेल तर घरात निळा ठिपका, मागचं असेल तर लाल. शब्द आजचे असतील तर ठिपक्याखाली निळी रेघ, मागचे असतील तर लाल. या पानांवर तुम्हाला लाल ठिपका आणि निळी रेघ अशी जोडी सापडेल. ही जोडी ओळखता आली की अर्धा गुंता सुटला. आणि नीट बघा, पोलीस जे अंदाज बांधतात त्यावर लाल चौकटी कुठे होकार देतात आणि कुठे नुसत्या गप्प बसतात. मारेकऱ्याचा चेहरा एकदाही दिसत नाही.

थोडं पुढे एक जवळजवळ निःशब्द प्रसंग आहे. रोर्शाक ब्लेकच्या कपाटापाशी उभा राहतो. तारेचा हँगर सरळ करतो, कपाटात घालून आतली खोली मोजतो, मग तीच तार बाहेरून लावतो. आतलं माप बाहेरच्यापेक्षा कमी भरतं. म्हणजे मागे चोरकप्पा आहे. त्यात ब्लेकचा पोशाख आहे आणि मिनिटमेनचा एक जुना फोटो. या फोटोवर चिकटचिठ्ठी लावा, तो पुन्हा पुन्हा लागणार आहे. आणि वाचतानाही हेच करायचं: आठवण सांगणारा आतून जेवढं दाखवतो ते बाहेरच्या मापाशी ताडून बघायचं. जिथे माप कमी भरेल तिथे चोरकप्पा असतो.

चौथी पायरी: जबानीचा तक्ता

दुसरं प्रकरण सरावासाठी सर्वांत चांगलं. ब्लेकची अंत्ययात्रा आहे, पाऊस पडतोय, आणि त्याच्याविषयीच्या पाच आठवणी येतात. वहीत पाच ओळी आणि चार रकाने आखा: कोण आठवतंय, कधीचं, ब्लेक काय करतो, आणि आठवणारा स्वतः काय करतो.

पहिली सॅलीची, १९४० ची. ती अंत्ययात्रेला आलेली नाही, कॅलिफोर्नियात आहे, तरी प्रकरणातली पहिली जबानी तिचीच. दुसरी एड्रियनची, १९६६ ची, क्राइमबस्टर्सची ती फसलेली बैठक. तिसरी जॉनची, १९७१, व्हिएतनाम. चौथी डॅनची, १९७७, पोलिसांचा संप आणि रस्त्यावरची दंगल. पाचवी मोलॉक या एकेकाळच्या खलनायकाची, ब्लेकच्या मृत्यूच्या जेमतेम आठवडाभर आधीची.

लक्षात आलं का? साल क्रमाने आहेत. चाळीस, सहासष्ट, एकाहत्तर, सत्याहत्तर, पंच्याऐंशी. मूरने पहिल्यांदा मागे नेताना वाचकाचा हात धरलाय. हे न कळल्यामुळे या प्रकरणाला लोक उगाच अवघड म्हणतात.

चौथा रकाना भरायला कंटाळू नका, खरा माल तिथे आहे. व्हिएतनामच्या आठवणीत ब्लेक एका गरोदर स्त्रीला गोळी घालतो. जॉन तिथेच उभा असतो आणि ते थांबवणं त्याला सहज शक्य असतं. तो थांबवत नाही. जबानी ब्लेकविषयी आहे, पण कळतं ते जॉनविषयी. हा रकाना रिकामा राहिला तर फ्लॅशबॅक नुसता मागचा प्रसंग म्हणून वाचला जातो आणि कंटाळवाणा वाटतो.

आणि हेही तक्त्याखाली लिहा: पाचही आठवणींत ब्लेक आहे, पण ब्लेकची स्वतःची आठवण एकही नाही. मोलॉकपुढे बसून तो रडतो, बडबडतो, तेही आपण मोलॉकच्या तोंडून ऐकतो. ज्याच्याभोवती सगळा तपास फिरतो त्या माणसाची जबानी नोंदवलीच गेलेली नाही.

सालाचा फलक नसेल तर साल कसं ओळखायचं

पुढच्या प्रकरणांत तारीख नेहमी सांगितली जात नाही. तेव्हा अंगावरच्या खुणा बघायच्या.

ब्लेकचा चेहरा हे सर्वांत भरवशाचं घड्याळ. व्हिएतनाममध्ये त्याच बाईने फुटक्या बाटलीने त्याचा गाल फाडला. गालावर व्रण नाही तर चौकट १९७१ च्या आधीची, व्रण आहे तर नंतरची. पिवळा पोशाख आणि डोळ्यांभोवतीचा चिमुकला मुखवटा दिसला की १९४० च्या आसपास. काळं चामड्याचं चिलखत दिसलं की त्यानंतरचं धरा.

डॉक्टर मॅनहॅटनचे कपडे वर्षांगणिक कमी होत जातात. सुरुवातीला अंगभर पोशाख, मग बिनबाह्यांचा, व्हिएतनाममध्ये नुसता लंगोट, १९८५ मध्ये काहीच नाही. माणसांशी त्याचा संबंध सुटत चालल्याची ही खूण आहे, आणि वाचकाला फुकट मिळालेली दिनदर्शिकाही.

रोर्शाकसाठी संवादाचा फुगा बघा. १९८५ मध्ये त्याच्या फुग्याची कड वेडीवाकडी, थरथरती आहे. १९६६ च्या बैठकीत तीच कड इतरांसारखी साधी आहे आणि वाक्यंही पुरी आहेत. मधे १९७५ मध्ये काहीतरी घडलं, ते सहाव्या प्रकरणात कळतं. जॉनचे फुगे निळे, दुहेरी कडेचे. चौकटीत तो दिसत नसला तरी निळा फुगा म्हणजे तोच.

चौथं प्रकरण: पट्टी आणि कागद

पुस्तकातलं सर्वांत अवघड आणि बऱ्याच जणांच्या मते सर्वांत सुंदर प्रकरण. जॉन मंगळावर बसलाय, हातात फोटो आहे. त्याला काळ आपल्यासारखा एकामागून एक भेटत नाही, सगळा एकदम भेटतो. म्हणून सगळं निवेदन वर्तमानकाळात आहे, १९४५ असो की १९८५. पहिल्याच पानावर फोटो त्याच्या हातात आहे आणि बारा सेकंदांनंतरच्या वाळूत पडलेलाही आहे. इथे क्रियापदावर विसंबून चालत नाही. निवेदनात आलेला आकडा धरायचा.

कागद आडवा ठेवा. मधोमध २८ सेंटिमीटरची रेघ मारा. डावं टोक १९४५, उजवं १९८५. एका वर्षाला ७ मिलिमीटर. डावीकडून ९.८ सेंटिमीटरवर १९५९, १४.७ वर १९६६, १८.२ वर १९७१, २२.४ वर १९७७. आता प्रकरण वाचायला घ्या आणि साल बदललं की त्या जागी १, २, ३ असे आकडे टाकत चला. शेवटी आकडे क्रमाने कमानींनी जोडा.

कागदावर कमानी १९५९ आणि १९८५ या दोन ठिकाणी दाटलेल्या दिसतील. कारण १९५९ मध्येच सगळं ठरलं. जुलैत जत्रेत तो फोटो काढला गेला, तिथेच त्याची तेव्हाची प्रेयसी जेनी हिचं घड्याळ फुटलं. ऑगस्टमध्ये दुरुस्त केलेलं घड्याळ आणायला जॉन प्रयोगकक्षात परत गेला आणि दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये तो निळा होऊन परतला. १९४५ चं टोक का, तर हिरोशिमाची बातमी वाचून घड्याळजी बापाने पोराच्या घड्याळाचे सुटे भाग खिडकीबाहेर फेकले. घड्याळाचे भाग, फुटलेलं घड्याळ, आणलेलं घड्याळ: या तीन ठिकाणी लाल गोल काढा. वस्तू हातात धरून काळ ओलांडायचा, हीच या प्रकरणाची किल्ली आहे.

नेहमीची चूक म्हणजे हे प्रकरण घटनाक्रमाने लावून वाचायचा प्रयत्न. लावता येतं, पण मग त्यातली वेदना निघून जाते. आधी आहे तसं वाचा, मग कमानी जोडा.

चाच्यांची गोष्ट कशी वाचायची

तिसऱ्या प्रकरणापासून न्यूयॉर्कच्या एका नाक्यावरचा पेपरवाला आणि गाडी चार्ज करायच्या खांबाला टेकून कॉमिक वाचणारा पोरगा सारखे दिसतात. पोरगा वाचतोय ती चाच्यांची गोष्ट मधेच घुसते. तिचा मजकूर जुन्या चर्मपत्रासारख्या पट्टीवर असतो, आणि ती पट्टी कित्येकदा नाक्यावरच्या चित्रावर येऊन बसते.

असं पान तीनदा वाचा. एकदा फक्त चर्मपत्राच्या पट्ट्या, एकदा फक्त फुगे, मग दोन्ही मिळून. तिसऱ्या वेळी एकाचं वाक्य दुसऱ्याच्या चित्राला कसं लागू पडतं ते दिसतं. हे भाग तिसऱ्या, पाचव्या, आठव्या, दहाव्या आणि अकराव्या प्रकरणांत आहेत. चाच्यांचं तेवढं सलग काढून वाचू नका. त्या खलाशाचं काय होतंय हे मूळ गोष्टीत काय होतंय त्याच्या शेजारी ठेवलं तरच उमगतं.

पाचवं आणि सहावं

पाचवं प्रकरण २८ पानांचं आहे आणि आरशासारखं बांधलंय. पहिल्या पानाची मांडणी अठ्ठाविसाव्याशी जुळते, दुसऱ्याची सत्ताविसाव्याशी. बेरीज २९ येईल अशी कोणतीही जोडी उघडून बघा. मधली १४-१५ ही पानं एकच चित्र असल्यासारखी. पहिल्या वाचनात एवढं माहीत असलं की पुरे.

सहाव्यात मात्र थांबायचं. मानसोपचारतज्ज्ञ माल्कम लाँग एका कैद्याला शाईचे डाग दाखवतो. एका डागात कैद्याला आई दिसते, बालपणीची भयंकर रात्र दिसते. ती आपल्याला सबंध चित्रांत बघायला मिळते. मग तो डॉक्टरला उत्तर देतो: छान फुलं दिसली. आठवण खरी, जबानी खोटी, आणि दोन्ही एकाच पानावर. वहीत या प्रकरणासाठी दोनच रकाने पुरतात: आपण काय पाहिलं, डॉक्टरने काय ऐकलं. प्रकरण पुढे जातं तसे दोन रकाने जवळ येत जातात. ते एक झाले की लाँगची टिपणंही बदललेली दिसतील.

शेवटचा मजकूर वगळायचा नाही

पहिल्या अकरा प्रकरणांच्या शेवटी काही पानं नुसत्या मजकुराची आहेत. हॉलिस मेसनच्या आत्मचरित्रातले भाग, पोलिसांची कागदपत्रं, डॅनचा पक्ष्यांवरचा लेख, वर्तमानपत्राची पानं, सॅलीची कात्रणवही, पत्रं, मुलाखत. ही पुरवणी समजून उलटली जातात, आणि मग शेवटी ‘हे कुठून आलं’ असा प्रश्न पडतो. हे सगळे तपासाच्या फायलीतले कागद आहेत. डॅनचा लेख हवा तर नंतर वाचा. मेसनचे भाग, कात्रणवही आणि दहाव्याच्या शेवटची पत्रं मात्र जागच्या जागी वाचायची.

एकच उदाहरण पुरे. १९४० मध्ये ब्लेकने सॅलीवर केलेला हल्ला दुसऱ्या प्रकरणात तिच्या आठवणीतून चित्रात दिसतो. मेसन त्याविषयी आत्मचरित्रात लिहितो. नवव्याच्या शेवटी कात्रणवहीत सॅली स्वतः वर्षांनंतर त्यावर बोलते. घटना एक, कागद तीन. तीनही ठिकाणी चिठ्ठी लावा आणि कोण काय गाळतंय ते एका पानावर लिहा.

दुसरं वाचन

इथून पुढे शेवट उघड होतो. पहिलं वाचन झालं नसेल तर इथे थांबा.

दुसऱ्या वाचनाला वही नवी नको. जुन्याच वहीत लाल पेन्सिलने दुरुस्त्या करा.

पहिल्या पानावर रक्तातून चालत जाणारा, पाटी घेतलेला लालकेशी माणूस रोर्शाकच आहे, बिनमुखवट्याचा. डायरीचं निवेदन आणि लिहिणारा माणूस एकाच चौकटीत आहेत. तो पुढे कुठेकुठे दिसतो त्या पानांवर खूण करा.

१९६६ ची बैठक दुसऱ्या, चौथ्या आणि नवव्या प्रकरणांत तिघांच्या नजरेतून येते. तिन्ही एकदम उघडून ठेवा. एड्रियनच्या आठवणीत ब्लेक नकाशा जाळतो आणि सगळ्यांना मूर्खात काढतो. जॉनच्या आठवणीत लॉरी दिसते. लॉरीच्या आठवणीत बैठकीनंतर बाहेर भेटलेला ब्लेक आहे आणि धावत मधे पडलेली आई. एकाच संध्याकाळी एकाला आपली योजना सुचू लागली, एकाला नवं प्रेम भेटलं, आणि एकीला आपला बाप भेटला, पण तो बाप आहे हे तिला १९८५ पर्यंत कळलं नाही.

नवव्या प्रकरणातल्या लॉरीच्या आठवणी तुटक आहेत आणि एकाच वाक्याचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. तो तुकडा दरवेळी वहीत उतरवा. बालपणी हातातून फुटलेला काचेचा गोळा आणि मंगळावर भिरकावलेली अत्तराची बाटली एकमेकांसमोर ठेवा. बाटलीवर नाव ‘नॉस्टॅल्जिया’. त्या अत्तराच्या जाहिराती आधीच्या प्रकरणांतून तुमच्या डोळ्यांखालून गेल्यात आणि ती कंपनी वाइटची आहे.

अकराव्यात वाइट स्वतःची कहाणी सांगतो. पुस्तकभरातली ही एकच अशी जबानी आहे की जिला कुणी आडवा प्रश्न विचारत नाही. ऐकणारे नोकर तोवर विषाने मरताहेत. म्हणून हँगरची तार इथे आधी काढायची. आणि घड्याळ बघा. अंटार्क्टिकातलं बोलणं आणि न्यूयॉर्कचा नाका आलटून पालटून दिसतात म्हणून आपण ते एकाच वेळचे धरतो, नाक्यावरच्यांना वाचवायला अजून वेळ आहे असं वाटत राहतं. मग वाइट सांगतो की ते पस्तीस मिनिटांपूर्वीच झालं. अकरा प्रकरणं तुम्ही ज्या चौकटींना आज समजून निळा ठिपका दिलात, त्यातल्या या चौकटी लाल होत्या. वहीत ते ठिपके बदला.

शेवटी कपाटातला तो फोटो. त्याची तिसरी चिठ्ठी बाराव्या प्रकरणात लागते: म्हातारी सॅली फोटोतल्या ब्लेकवर ओठ टेकवते आणि रडते. १९४० च्या पानावर लिहिलेलं काहीही खोडायचं नाही, तो हल्ला खराच होता. त्याखाली फक्त एक ओळ वाढवायची, कारण एवढ्या कागदांत ही जबानी कुणी घेतलेली नव्हती.

मग पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. पहिल्या चौकटीत हसऱ्या बिल्ल्यावर रक्ताचा डाग आहे. शेवटच्या चौकटीत वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या पोराच्या शर्टावरच्या हसऱ्या चेहऱ्यावर केचपचा डाग आहे, आणि त्याचा हात ज्या ढिगाकडे चाललाय त्यात रोर्शाकची डायरी पडलेली आहे. तिच्यातली १२ ऑक्टोबरची नोंद तुम्ही पहिल्याच पानावर वाचलीत.